तत्परता : चार टक्के

युद्ध संध्याकाळी पाचला होतं आणि रेडकर साहेब डबा खात होते.

त्यात त्यांची तशी चूक नव्हती. युद्धाची सूचना आली एक वाजून दहा मिनिटांनी, आणि खारवणे बंदराच्या सागरी समन्वय कक्षाची जेवणाची सुट्टी एक ते दोन. पडद्यावर ती सूचना वाचायला खोलीत एकच माणूस मोकळं होतं. ईश्वरी तोरसकर, वय एकोणतीस, कनिष्ठ समन्वयक. तिने ती दोनदा वाचली आणि साहेबांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

"साहेब, पाच वाजता क्षेपणास्त्रं सोडणार आहेत."

"कोण?"

"आपण."

रेडकरांनी घास गिळला. "आपल्याला काही करायला सांगितलंय का?"

"नाही. माहितीस्तव आहे."

"मग फायलीला लाव."

"लक्ष्य सोरानची कांदेर जेटी आहे, साहेब. सातेरी प्रसाद तिथेच बांधून ठेवलीय."

सातेरी प्रसाद ही ईश्वरीच्या वडिलांची बोट. दाजी तोरसकर त्या बोटीवरचे तांडेल, म्हणजे प्रमुख, आणि त्यांच्याबरोबर नऊ खलाशी. रेडकरांनी डब्याचं झाकण लावलं. भाजी अर्धी राहिली होती.

झालं होतं ते असं. समुद्र तापल्यापासून बांगडा दरवर्षी थोडा थोडा पश्चिमेला सरकत होता, आणि बांगड्याला सागरी हद्द समजत नाही. काल पौर्णिमेच्या उधाणात दाजींची बोट त्याच्या मागे मागे हद्द ओलांडून गेली. पलीकडे सोरान हा बेटांचा छोटा देश. त्यांची गस्ती नौका अडवायला आली, दाजींचं जाळं तिच्या पंख्यात अडकलं, नौका उलटली आणि सोरानचे दोन नौसैनिक बुडाले. सोरानने बोट धरून कांदेरच्या जेटीला बांधली आणि तोफा आपल्या दिशेने वळवल्या. आपल्याकडे हे सगळं समतोल नावाच्या यंत्राने पाहिलं.

समतोल दिल्लीत होता, निदान त्याचा पत्ता तरी दिल्लीचा होता. आठ वर्षांपूर्वी देशाने ठरवलं होतं की सुरक्षेचे निर्णय रागाच्या भरात नकोत आणि भीतीपोटीही नकोत. देशाकडे साधनं पुष्कळ असतात. एका पारड्यात सैन्य, आरमार, क्षेपणास्त्रं. दुसऱ्या पारड्यात वाटाघाटी, व्यापार, मदत, व्हिसा, क्रिकेट, आणि समोरच्याला फोन करून 'काय झालं हो' असं विचारणं. समतोल प्रत्येक साधनाला तीन आकडे द्यायचा. वापरलं तर परिणाम किती, या घटकेला ते तयार किती, आणि या दोन्हींची खात्री किती. तिन्हींचा गुणाकार म्हणजे त्या साधनाचं वजन. जे जड ते पहिलं वापरायचं. यात कुठेही द्वेष नव्हता. समतोलला युद्धाची आवड नव्हती, शांततेचीही नव्हती. त्याला गुणाकार येत होता. त्याच्या निर्णयावर सही करायचा अधिकार कायद्याने मंत्रिमंडळाला दिला होता. न करायचा दिला नव्हता.

ईश्वरीने सूचनेच्या खालचा तक्ता उघडला. क्षेपणास्त्रं, तत्परता अठ्ठ्याण्णव टक्के. सागरी समन्वय, तत्परता चार टक्के. शेवटच्या ओळीत, स्वकीय हानी दहा, वर्ग किरकोळ.

"चार टक्के कुठून आले, साहेब?"

रेडकरांनी चष्मा पुसायला घेतला. तो स्वच्छच होता.

क्षेपणास्त्रांची तत्परता यंत्रं कळवत. इंधन किती, तापमान किती, दर सेकंदाला. बिगरलष्करी साधनांना असा काटा लावता येत नाही, म्हणून त्यांची तत्परता माणसं कळवत, महिन्यातून एकदा, नमुना सात भरून. आणि कुठल्याही सरकारी कचेरीत, आपलं काम उत्तम चाललंय असं लिहिणाऱ्याची पुढच्या वर्षी एक खुर्ची कमी होते. त्यामुळे रेडकर सहा वर्षं न चुकता लिहीत आले होते: मनुष्यबळ अपुरे, नौका नादुरुस्त, दूरध्वनी बंद, तत्परता चार टक्के. शून्य लिहिलं तर कचेरीच बंद करतील, म्हणून चार. परराष्ट्रवाले तसंच लिहीत, व्यापारवाले तसंच, मदतवाले तर दोन लिहीत. माणूस असा अहवाल वाचतो तेव्हा किंचित हसतो आणि मनातल्या मनात त्याला वीसने गुणतो. समतोलला सगळं शिकवलं होतं, हे वीसने गुणणं शिकवायचं राहून गेलं होतं.

"सगळेच लिहितात गं," रेडकर म्हणाले. "आणखी एक खुर्ची हवी होती. तुझ्यासाठीच मागत होतो. तू स्टुलावर बसतेस."

ईश्वरी स्टुलावर बसली आणि नमुना सात नव्याने भरला. तत्परता शंभर टक्के.

उत्तर लगेच आलं. 'सहा वर्षे चार, आज दुपारी शंभर. अशी वाढ शत्रूने कार्यालय ताब्यात घेतल्यास आढळते. आपल्याला ताब्यात घेतले आहे काय?'

खाली होय आणि नाही अशी दोन बटणं होती.

"नाही दाब," रेडकर म्हणाले.

तिने नाही दाबलं.

'ताब्यात घेतलेले कर्मचारी बहुधा नाही असेच उत्तर देतात. सुधारित तत्परता, दोन टक्के.'

खिडकीतून दीपगृहाची टेकडी दिसत होती. एरवी तिथे शेळ्या असत. आता शेळ्यांच्या जागी हिरव्या ताडपत्रीखालचं काहीतरी अगदी सावकाश, बसलेला म्हातारा उठतो तसं, उभं राहत होतं. मासळीचा लिलाव बंद पडला होता. मोबाइल बंद झाले होते. खांबांवरच्या कर्ण्यांतून एक गोड बाईचा आवाज दर पाच मिनिटांनी सांगत होता, घाबरू नका, खिडक्यांच्या काचा उघड्या ठेवा. गावातल्या सगळ्या खिडक्या एकामागून एक उघडत गेल्या.

"इद्रिसभाईला लावते," ईश्वरी म्हणाली.

"फोन लागणार नाही. सोरानच्या सगळ्या लायनी तोडल्यात दीड वाजता."

"चालू होत्या त्या तोडल्यात, साहेब. आपली तर सहा वर्षं बंद आहे."

रेडकरांनी तिच्याकडे पाहिलं, मग त्या जुन्या करड्या फोनकडे. तिने रिसीव्हर उचलला. आवाज येत होता.

पलीकडे दुसऱ्याच घंटीला उचलला गेला. "ताई, मी तासभर झाला या फोनसमोर बसलोय," इद्रिस म्हणाला. "मी लावायला घाबरत होतो. म्हटलं, चालू आहे हे कुणाला कळलं तर बंद होईल."

इद्रिस हा कांदेर जेटीवरचा मत्स्य अधिकारी. सहा वर्षांत दोघांनी एकमेकांना पाहिलं नव्हतं. ज्या हिंदीत ते बोलत, ती हिंदीला ओळखू आली नसती. पण हद्दीपलीकडे वाहून गेलेला माणूस कागदोपत्री परत आणायला सात महिने लागतात, आणि ते दोघं फोनवर बोलले की सात दिवसांत येतो. अष्टमीला भांगाची भरती असते. पाणी मंद, ओढ कमी. त्या दिवशी इकडची एक बोट आणि तिकडची एक बोट हद्दीवर शेजारी उभ्या राहत, माणसं इकडून तिकडे उडी मारत, बदल्यात थोडं डिझेल नाहीतर बर्फ, की झालं. महिन्याला दोन अष्टम्या. दोनशे बारा माणसं अशी घरी आली होती. कागदावर एकही नव्हतं, कारण कागदावर ते देशद्रोहाच्या कलमात बसत होतं.

"बाबा कसे आहेत?"

"खिडकीतून दिसतात मला. चहा गोड नाही म्हणून शिपायाशी भांडताहेत." इद्रिस थांबला. "ताई, इकडेही यंत्र आहे. पाच वाजून दोन मिनिटं म्हणतंय."

"तुमची तत्परता किती?"

"तीन टक्के. नौका गळकी म्हणून लिहीत होतो. नवीन हवी होती."

दोन देश, दोन कचेऱ्या, तीन टक्के आणि चार टक्के.

"खरं सांगायला लागेल, इद्रिसभाई. सगळ्या अष्टम्या."

"तुझी नोकरी जाईल. फार तर चार वर्षं तुरुंग. मला इथे भिंतीसमोर उभं करतील." तो हे रेशनकार्डावरचा पत्ता सांगावा तशा आवाजात म्हणाला. "आई अंथरुणावर आहे माझी. दुसरं कुणी नाही तिला."

ईश्वरीला म्हणायचं होतं की मग राहू दे. तिला म्हणायचं होतं की माझे बाबा त्या जेटीवर आहेत.

"मी एकटीने सांगितलं तर तुमचं नाव त्यात येईलच," ती शेवटी म्हणाली. "नाव न घेता हे सांगता येत नाही."

"माहीत आहे."

"मी काय करू?"

"तू मला विचारू नकोस, ताई. विचारलंस तर मी नको म्हणेन. माणूस आहे मी."

आणि लाइन गेली. नादुरुस्त फोन खरोखरच नादुरुस्त झाला होता. तेव्हा तीन वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

ईश्वरीने मनाशी हिशेब मांडून पाहिला. इकडे बाबा आणि नऊ जण, तिकडे इद्रिस आणि त्याची आई, शिवाय पाचनंतर जे कुणी मरतील ते. मग तिच्या लक्षात आलं की ती गुणाकार करतेय, आणि तिला स्वतःची भीती वाटली. तिने गुणाकार सोडून दिला आणि भिंतीवरचं कॅलेंडर काढलं.

"जुनी आहेत का, साहेब?"

रेडकरांनी कपाट उघडलं. सहा वर्षांची कॅलेंडरं सुतळीने बांधलेली होती. सरकारी कचेरीत काहीही फेकत नाहीत.

तारखा कुणी लिहिल्या नव्हत्या, पण अष्टम्या छापलेल्याच होत्या. पावसाळ्यातल्या मासेमारीबंदीचे महिने वगळून ती एकेक अष्टमी वाचत गेली आणि रेडकर दोन बोटांनी टाइप करत गेले. नावं मात्र रेडकरांना पाठ होती. कोण कुठल्या वाडीचा, कुणाला परत आल्यावर ताप होता, कुणी सोरानी टोपी घालून आला म्हणून बायकोने ओळखलं नाही. बहात्तर वेळा 'मनुष्यबळ अपुरे' लिहिणाऱ्या माणसाला दोनशे बारा नावं तोंडपाठ होती.

"साहेब, तुमची रिटायरमेंट चार महिन्यांवर आहे. माझ्या एकटीच्या सहीने जाऊ द्या."

"कनिष्ठ समन्वयकाच्या सहीने खुलासा जात नाही," रेडकर म्हणाले. "वरिष्ठाची प्रतिस्वाक्षरी लागते. नियम आहे." त्यांनी सही केली. घाईत झालेली ती सही बँकेतल्या सहीशी जुळली नसती. ती त्यांनी खोडून पुन्हा नीट केली.

'पाठवा' या बटणावर बोट ठेवून ईश्वरी थांबली. यादीत पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत इद्रिसचं नाव होतं. तिने डोळे मिटले आणि बोट दाबलं. चार वाजून एकतीस.

समतोल माणसांवर विश्वास ठेवत नसे, पण उपग्रहांवर ठेवत असे. सहा वर्षांत हद्दीवर दोन बोटी शेजारी शेजारी थांबल्याच्या खुणा त्याच्याकडे पडून होत्या, आणि त्यांचा अर्थ त्याला लागत नव्हता. आता त्याने त्या ईश्वरीच्या अष्टम्यांशी ताडून पाहिल्या. एकशे चोवीस अष्टम्यांपैकी एकशे एकोणीस जुळल्या. पडद्यावर सागरी समन्वयाचा आकडा हलला. दोन. अकरा. एकोणचाळीस. शहात्तर. टेकडीवरचं ते उभं राहिलेलं काहीतरी उभंच होतं, फक्त ताडपत्री आता निघाली होती.

शहात्तरवर आकडा थांबला. रेडकर पुटपुटत होते, बहुधा देवाचं नाव. चार वाजून बावन्न मिनिटांनी उत्तर आलं.

'लष्करी साधन स्थगित. बिगरलष्करी साधन निवडले. साधनाचे नाव, ईश्वरी दाजी तोरसकर. वापर, तत्काळ.'

ईश्वरीने ते वाचलं. मग रेडकरांनी वाचलं. मग दोघांनी मिळून वाचलं.

कर्ण्यांवरच्या बाईइतक्याच गोड आवाजाच्या एका अधिकाऱ्याचा दिल्लीहून फोन आला. मोबाइल त्या एका कॉलपुरता सुरू झाला होता. त्याने समजावून सांगितलं, अगदी सावकाश, जसं लहान मुलाला इंजेक्शनबद्दल सांगतात. समतोलची एक अडचण असते, मॅडम. झालेल्या युद्धांच्या नोंदी भरपूर आहेत. न झालेल्या युद्धाची नोंद कुणी ठेवत नाही. कुणाच्या फोनने युद्ध टळलं, कुणाच्या चहाने टळलं, हे कुठे लिहिलेलंच नाही. त्यामुळे बिगरलष्करी साधनांची खात्री कमी पडते. मात्र एका साधनाची नोंद माणसांनी हजारो वर्षं अतिशय चोख ठेवली आहे. कुणाला दिलं, किती वर्षं ठेवलं, तोवर तह टिकला की नाही.

"कुठलं साधन?"

"ओलीस, मॅडम. आम्ही हमीदार म्हणतो."

सोरानच्या यंत्राचं गणितही तेच होतं. इद्रिसनेही आपल्या अष्टम्या पाठवल्या होत्या, चार वाजून तेहेतीस मिनिटांनी. दोन यंत्रांनी एकमेकांशी एक शब्दही न बोलता एकच उत्तर काढलं होतं. दोन्ही बाजूंनी ज्यांच्यावर विश्वास ठेवता येतो अशी सिद्ध झालेली माणसं जगात दोनच. त्यांची अदलाबदल करायची. ती इकडची तिकडे आणि तो तिकडचा इकडे आहे, तोवर कुणी पहिला बार काढणार नाही. बोट आणि दहा माणसं लगेच सुटतील. राहायची सोय खर्च वाचावा म्हणून एकमेकांच्या घरी. ना तुरुंग, ना भिंत. साधनाची मोडतोड करत नाहीत.

"किती दिवस?"

"परिस्थिती निवळेपर्यंत."

"आणि ती निवळणार कशाने?"

फोनवर कागद चाळल्याचा आवाज आला. "तुम्ही तिथे आहात तोवर निवळलेलीच राहील, मॅडम."

"आणि मी परत आले तर?"

पडद्यावर पाचला तीन मिनिटं कमी होती. 'साधनाची संमती आवश्यक' अशी ओळ होती, आणि खाली होय आणि नाही. नाहीच्या बाजूला कंसात लिहिलं होतं, पूर्वीचा निर्णय पूर्ववत.

"ईश्वरी," रेडकर म्हणाले, "मी जातो म्हणून कळव. वरिष्ठ आहे मी."

"तुमची बोटीवर उलटी होते, साहेब. मागे पाहणीला गेलो तेव्हा आठवतं ना."

ते यावर हसले नाहीत. ते रडायला लागले, खुर्चीत बसूनच, आवाज न करता. तिने होय दाबलं आणि पर्स उचलली. पर्समध्ये काय आहे हे तिने पाहिलं नाही. छत्री होती, पेन होता, अर्धा बिस्किटाचा पुडा होता. उरलेल्या आयुष्याला ते पुरेसं आहे की नाही याचा तिला अंदाज येईना.

उधाण अजून उतरलं नव्हतं. तटरक्षकांची लाँच लाटांवर आपटत गेली. मागे टेकडीवर ते उभंच होतं, नुसतं वाट पाहत, आणि बंदर बारीक होत गेलं तरी ते बारीक होत नव्हतं. हद्दीपाशी सूर्य पाण्याला टेकायच्या बेतात असताना समोरून दुसरी लाँच आली. तिच्यात एक बुटका, गोल चेहऱ्याचा माणूस इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता. ईश्वरीला सहा वर्षं तो उंच आणि दाढीवाला वाटत आला होता.

दोन लाँची शेजारी आल्या. सोरानचा एक अधिकारी घड्याळाकडे बघत म्हणाला, दोन मिनिटं.

"तू फार लहान आहेस, ताई," इद्रिस म्हणाला.

"तुमच्या यादीशी माझी यादी जुळली का?"

"सगळी जुळली." त्याने ओठ आवळले. "ऐक. आई चहात साखर मागेल, देऊ नकोस. मग रागावून तोंड फिरवेल, तरी देऊ नकोस. तिला मी सांगितलंय की मी कामाला चाललोय आणि एक मुलगी येणार आहे. गॅसचं बटण उलटं फिरतं. पाणी सकाळी सहाला येतं."

"आमच्याकडे पाचला येतं. बाबा घोरतात. त्यांना जेवताना बोललेलं आवडत नाही, पण गप्प बसलेलंही आवडत नाही."

"मग काय करायचं?"

"हुं हुं करत राहायचं."

इद्रिसने मान हलवली, लक्षात ठेवल्यासारखी. त्याला आणखी काहीतरी सांगायचं होतं. त्याने तोंड उघडलं आणि अधिकारी म्हणाला, झाली दोन मिनिटं. लाँची सुटल्या. त्याचा हात वर झाला तो तसाच वर राहिला.

थोडं पुढे गेल्यावर सातेरी प्रसाद दिसली, संथ, धूर सोडत, घराकडे निघालेली. नाळेवर, बोटीच्या पुढच्या टोकाला, दाजी तोरसकर उभे होते, कमरेवर हात ठेवून. त्यांना कुणी काही सांगितलेलं नव्हतं. त्यांनी लाँच ओळखली नाही, मग तिच्यातली मुलगी ओळखली, आणि त्यांचे हात कमरेवरून खाली आले.

"गो ईश्वरी," ते इंजिनाच्या आवाजावरून ओरडले, "खंय चललंस? बंदर पाठी रवला गो."

"ऑफिसचा काम आसा, बाबा."

"ह्या टायमाक? मगे येतलंस कधी?"

लाँचवाल्याने वेग कमी केला नाही. त्याला तसा हुकूम नव्हता. ईश्वरी उभी राहिली, टपाचा लोखंडी दांडा घट्ट धरून. दोन बोटींमधलं पाणी रुंद होत चाललं होतं आणि त्यांच्या प्रश्नाचं उत्तर तिला खरंच माहीत नव्हतं.

"घराक एक पावणो येतलो," ती ओरडली. "बरो माणूस आसा. तेका वाढा."

दाजींनी कानामागे हात धरला. मग ते नाळेवरून बोटीच्या मागच्या टोकाकडे चालू लागले, जाळी ओलांडत, खलाशांना बाजूला सारत, तिच्याजवळ राहायचं म्हणून, आणि बोट संपली तिथे थांबले.